जाणत्याला सांगायचं काय?

आमच्या खोऱ्यात नवस बोलतात, गाऱ्हाणं सांगतात, साकडं घालतात, हरिपाठ म्हणतात, नाव घेतात आणि कौल लावतात. एका देवासाठी एवढी क्रियापदं. पण ‘मी आज देवाशी बोलले’ हे वाक्य मुळशीच्या वरच्या अंगाच्या गावांत सहसा कानावर पडत नाही. पडलंच, तर ऐकणारी बाई जरा सावरून बसते. हिच्या अंगात तर आलं नाही ना, म्हणून. शहरातल्या सत्संगात हल्ली ‘देवाशी मोकळेपणाने बोला’ असं सांगतात. गावच्या भाषेनं ते अजून घरात घेतलेलं नाही, आणि त्याला कारण आहे असं मला वाटतं.

जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे आधी क्रियापदाकडे बघायची खोड लागली आहे. नामं कुणीही उसनी आणतं. टेबल आलं, मोबाइल आला, रिसॉर्ट तर आमच्या दर वळणावर आलं. क्रियापद मात्र मराठी सहजी उसनं घेत नाही. फार तर ‘चेक करते’, ‘सेव्ह करते’ म्हणून पाहुण्याच्या शेजारी आपलं ‘करणे’ बसवते. आपली म्हणून जी क्रियापदं आहेत ती जुनी, वापरून गुळगुळीत झालेली, आणि म्हणूनच त्यांच्यात आपण काय मानतो ते न लपता राहिलेलं असतं.

माझी सून हिंजवडीला नोकरी करते. हिंजवडी आमच्याच मुळशी तालुक्यात येते हे पुण्यातल्या लोकांना अजून सांगावं लागतं. त्यांच्या लेखी मुळशी म्हणजे पावसाळ्यात ताम्हिणीकडे धबधबे बघायला जायचा रस्ता. तिच्या कंपनीचं काम मेक्सिकोतल्या लोकांशी आहे म्हणून ती स्पॅनिश शिकते. शनिवार-रविवार गावी आली की ओट्यावर वही उघडी ठेवून क्रियापदं घोकते, आणि मी भाकऱ्या थापता थापता ऐकते.

“आई, ‘आब्लार’ म्हणजे बोलणं आणि ‘देसीर’ म्हणजेपण बोलणं. मग दोन कशाला हवेत?”

“तू नवऱ्याशी बोलतेस आणि नवऱ्याला सांगतेस. एकच का ते?”

“नाही,” ती म्हणाली. “बोलते तेव्हा तो ऐकतो. सांगते तेव्हा ऐकत नाही.”

हसण्यावारी गेलं खरं, पण तिनं त्या दोन वाक्यांत जे सांगितलं ते समजावायला मला वर्गात एक तास लागला असता. ‘आब्लार’ म्हणजे तोंडाने बोलण्याची क्रिया: भाषा बोलणं, फोनवर बोलणं, कुणाशी तरी बोलणं. ‘देसीर’च्या मागे मात्र काय म्हटलं, काय सांगितलं ते यावं लागतं. ‘ती बोलली’ एवढ्यावर वाक्य पुरं होतं. ‘तिने सांगितलं’ म्हटलं की समोरचा ‘काय?’ म्हणून वाट बघतो. शिवाय ‘कोंतार’ आहे, गोष्ट सांगणं. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मोजणं. गप्पा मारायला स्पेनमध्ये ‘चार्लार’ म्हणतात आणि मेक्सिकोत ‘प्लातिकार’. स्पेनच्या पुस्तकातून शिकून मेक्सिकोच्या माणसाशी बोलायचं म्हणजे कोल्हापूरच्या मराठीवर नागपुरात दिवस काढण्यासारखं. कळतं सगळं, पण कुठून आलात ते लगेच कळतं.

तिच्या वहीतल्या दोन क्रियापदांपाशी मात्र मी थांबले. ‘रेसार’ आणि ‘ओरार’. दोन्हींच्या पुढे तिनं ‘प्रार्थना करणे’ लिहिलं होतं. ‘रेसार’चं मूळ लॅटिनमध्ये पाठ म्हणण्यात आहे, आपल्याकडे मुलं पाढे म्हणतात ते म्हणणं. ठरलेले शब्द, ठरलेल्या क्रमाने. ‘ओरार’मध्ये शब्द ठरलेले असायलाच हवेत असं नाही. हा फरक सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये अगदी जिवावरचा होता. आविलाची संत तेरेसा, जन्म १५१५, मृत्यू १५८२, कार्मेल पंथाची संन्यासिनी. तिच्या काळी बायकांनी नेमलेले पाठ म्हणावेत, मनानं देवाकडे जाण्याच्या भानगडीत पडू नये, असं मानणारे धर्माधिकारी पुष्कळ होते. १५५९ साली इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या धर्मन्यायालयाने, बंदी घातलेल्या पुस्तकांची यादी काढली, तीत लोकभाषेतली कितीतरी भक्तीची पुस्तकं होती. लॅटिन न येणाऱ्या बाईच्या हातातून पुस्तकंच गेली. तेरेसाने १५६२मध्ये आविलात आपला छोटा मठ काढला आणि तिथल्या भगिनींसाठी लिहिताना एक मुद्दा न सोडता धरला: ओठ कितीही हलोत, आपण कुणाशी बोलतो आहोत आणि काय मागतो आहोत याचं भान नसेल तर त्याला ती प्रार्थना म्हणायला तयार नव्हती. तिच्या लेखी प्रार्थना म्हणजे मैत्रीचं येणं-जाणं होतं.

कुणाशी. हा ‘शी’ महत्त्वाचा.

मराठीत हे प्रत्यय फार बोलके आहेत. ‘बोलणे’ला ‘शी’ लागतो. आणखी कशाला लागतो? भांडणे, खेळणे, लढणे, लग्न करणे, जुळवून घेणे. सगळ्यांत दोन बाजू, दोन्ही हलत्या. भिंतीशी भांडता येत नाही. ‘सांगणे’ला ‘ला’ लागतो, जसा देणे, वाढणे, पाठवणे यांना. एक देणारा, एक घेणारा. घेणाऱ्यानं परत काही द्यावंच अशी अट व्याकरणात नाही. आणि हरिपाठ म्हणतात त्या ‘म्हणणे’ला कुणीच लागत नाही. देवळात कुणी नसलं तरी हरिपाठ म्हणता येतो, गाडी चालवताना रामरक्षा म्हणता येते. स्पॅनिशमध्येही हीच वाटणी आहे, हे सुनेनं दाखवलं: ‘आब्लार’ला ‘कोन’, म्हणजे ‘शी’, ‘देसीर’ला ‘आ’, म्हणजे ‘ला’. हजारो कोसांवरच्या दोन भाषांनी एकच गोष्ट वेगवेगळी गाठली.

म्हणजे ‘देवाशी बोलणे’ आमच्या बायका का टाळतात ते कळतं. ‘शी’मध्ये बरोबरी आहे, आणि उत्तराची अपेक्षा आहे. ती मजल संतांची. नामदेव विठ्ठलाशी बोलला, रुसला, भांडला. जनाबाईच्या जात्याला विठ्ठलानं हात लावला अशी कथा आहे. तुकोबा तर देवाचा हिशेब काढतात. आम्ही त्या कथा ऐकतो, त्या ‘शी’चा मान राखतो, आणि आपण ‘ला’वर राहतो.

‘म्हणणे’ तसं गमतीचं आहे. ‘ती म्हणाली’ हे तिचं स्वतःचं. पण आरती ती ‘म्हणाली’ नाही; आरती ‘तिने म्हटली’. पाचवीतलं पोरही यात चुकत नाही आणि बी.एड. झालेल्यालाही कारण चटकन सांगता येत नाही. ‘मी म्हटलं, जेवून जा’ असं आपण स्वतःच्या शब्दांसाठीही म्हणतो, हे खरं. पण दुसऱ्याची रचना तोंडी आली की ‘म्हणाली’ हे रूप आपोआप गळतं आणि कर्ती ‘ने’ लावून बाजूला होते. आरती स्त्रीलिंगी म्हणून ‘म्हटली’, अभंग पुल्लिंगी म्हणून ‘म्हटला’. वाक्याची मालकी म्हणणारीकडून निघून म्हटलेल्या वस्तूकडे जाते. पाठांतराची टिंगल करणाऱ्यांना मी हे सांगते. रोज तेच ते म्हणण्यात आपण मधून निघून जायची सोय असते, आणि काही दिवस असे असतात की आपण मधून निघून जाणं हीच सगळ्यात मोठी गरज असते. घरात मयत झालेल्या बाईला ‘मनातलं देवाला सांग’ म्हणणं निर्दयपणाचं आहे. तिला हरिपाठ म्हणू द्यावा.

नवस मात्र बोलतात. सांगत नाहीत, म्हणत नाहीत. या एका ठिकाणी आमची साधी बाई देवाशी थेट बोलण्याच्या क्रियापदावर येते, आणि ते कुठे येते तर व्यवहारात. पोराला गुण येऊ दे, तुला अमुक वाहीन. ‘बोलणे’च्या घरातली नामं बघा: लग्नाची बोलणी, लिलावातली बोली, बोलाचाली, बोल लावणे. सगळीकडे दोन पक्ष आणि मध्ये काहीतरी देण्याघेण्याचं. म्हणून बोललेला नवस ‘फेडावा’ लागतो, कर्जासारखा. राहून गेला तर घरातल्या पुढच्या आजारपणाला त्याचं नाव लागतं. मला नवस आवडत नाही. तो बोलण्यात धीटपणा आहे, पण धीटपणा बाजारातला आहे. कौल त्याहून बरा, कारण त्यात निदान माणसं हसतात. आमच्या भैरवनाथाला यात्रेच्या आधी फुलं लावतात. उजवीकडचं फूल पडलं तर होकार. डावं पडलं की कुणीतरी म्हणतो, देवा, नीट कळलं नाही वाटतं तुला, आणि प्रश्न जरा बदलून पुन्हा फुलं लागतात. देवाला उत्तर द्यायची सवलत आहे. चुकीचं उत्तर द्यायची नाही.

माझे धाकटे दीर विज्ञानाचे शिक्षक. जादूटोण्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध हिरिरीनं बोलणारे, आणि माणूस म्हणून सोन्यासारखे. सासूबाई होत्या तेव्हा ते त्यांना छेडायचे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. आत्याबाई पहाटे उठून चुलीपाशी बसत आणि विठ्ठलाला घरातलं एकेक सांगत. गाय आटली, थोरल्याचा पाय सुजला, नाचणी पुरायची नाही. वर्तमानपत्र वाचून दाखवावं तसं. दीर म्हणायचे, “आई, तुझा विठ्ठल सगळं जाणतो ना? मग त्याला रोज काय सांगतेस?”

प्रश्न टाकण्यासारखा नाही. सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतल्या संत ऑगस्टीनला तो पडला होता. ‘कन्फेशन्स’ हे त्याचं पुस्तक सगळंच्या सगळं देवाला उद्देशून आहे: पोरवयात पेरं चोरली तेही धरून सगळं आयुष्य तो देवाला सांगत जातो. आणि अकराव्या भागाच्या सुरुवातीला थबकून विचारतो की तू काळाच्या पलीकडचा, तुला हे सगळं ठाऊकच आहे, मग मी एवढ्या गोष्टी तुला का सांगत बसलोय? त्याचं उत्तर असं की तुला कळावं म्हणून नव्हे. माझं आणि वाचणाऱ्याचं मन तुझ्याकडे वळावं म्हणून. उत्तर चांगलं आहे, पण मला पुरत नाही. त्यात सांगण्याचा फायदा सगळा सांगणाऱ्याच्या पदरात पडतो आणि ऐकणारा निमित्तापुरता उरतो. आजकालचे समुपदेशकही हेच जरा वेगळ्या शब्दांत सांगतात: सांगितलं की मन मोकळं होतं. मन मोकळं करायला भिंत पुरते, उशी पुरते. आत्याबाई भिंतीला सांगत नव्हत्या.

त्यांचं दिराला उत्तर असं: “तू जाणता झालास, म्हनून मी तुला सांगायचं सोडलं का?”

त्या वेळी मला ते आईचं लाडिक उत्तर वाटलं होतं. पुढे वर्गात ‘सांगणे’ची वाक्यं मुलांकडून काढून घेताना त्यातली मेख लक्षात आली. फळ्यावर वाक्यं जमत गेली: गोष्ट सांगितली. पत्ता सांगितला. काम सांगितलं. भविष्य सांगितलं. एका मुलानं, ज्याच्या घरी बांधावरून वाद चालू होता, वाक्य दिलं: चुलत्यानं जमिनीवर हक्क सांगितला. दुसरीनं दिलं: तो लांबचं नातं सांगतो.

हक्क सांगणे. नातं सांगणे. चुलत्यानं हक्क सांगितला तेव्हा समोरच्याला काही नवी माहिती मिळाली नाही. त्याला सगळं आधीपासून ठाऊक होतं, कदाचित सांगणाऱ्यापेक्षा जास्त. सांगण्याचं काम माहिती पुरवण्याचं नव्हतंच. आपण कुणाचे कोण, कशावर आपला हात आहे, हे उभं करण्याचं होतं. कामही सांगतात ते असंच. घरच्या माणसाला काम सांगायला संकोच वाटत नाही, परक्याला वाटतो. ज्याला काम सांगता येतं तो आपला. गीता कृष्णानं अर्जुनाला ‘सांगितली’. संस्कृतात सगळ्यांना एकच ‘उवाच’, मराठीत मात्र गीता कुणी बोलत नाही. ज्ञानेश्वरीही नेवाशाला शके १२१२मध्ये, म्हणजे १२९० साली, खांबाला टेकून सांगितली, असंच आपण म्हणतो. आणि सांगायला तोंडच लागतं असंही नाही. मेहेरबाबा पुण्यात जन्मले, अहमदनगरजवळ मेहेराबादला राहिले. १० जुलै १९२५ला मौन घेतलं ते ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून, पुढे तीही सोडून नुसत्या हाताच्या खुणांनी ते भक्तांना सांगत राहिले. साडेत्रेचाळीस वर्षं बोलले नाहीत, पण सांगणं एक दिवस थांबलं नाही; मराठीत हे वाक्य जरादेखील अडखळत नाही.

तेव्हा जाणत्या देवाला सांगायचं काय, या प्रश्नात ‘सांगणे’चा एकच अर्थ गृहीत धरलेला आहे, तलाठ्याला पीकपाणी सांगण्याचा. आत्याबाई गाय आटल्याचं सांगत तेव्हा त्या खबर देत नव्हत्या. नातं सांगत होत्या. माहेरी गेलेली लेक आईला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगते, आईला सगळं आधीच कुणाकडून तरी कळलेलं असतं, आणि तरी आई ‘मला ठाऊक आहे’ म्हणत नाही. म्हटलं तर लेक दुखावते. सर्वज्ञपणाला इथे शहाणं मौन लागतं. पंढरीला बायका माहेर म्हणतात ते काही उगीच नाही.

जात्यावरच्या ओव्यांत हे फार उघड आहे. आमच्या आणि मावळ तालुक्यातल्या डोंगरी गावांत गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून ओव्या जमवायला सुरुवात केली. प्वातव्हँ मूळचे फ्रान्सचे, पुण्यात स्थायिक होऊन भारताचे नागरिक झाले. हेमाताई पुण्याच्या. गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून त्यांचा बायकांशी संबंध आला आणि मग हे काम महाराष्ट्रभर पसरलं: हजारावर गावं, लाखावर ओव्या. प्वातव्हँ २००४ साली गेले, हेमाताई २०१०मध्ये. २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं त्या ओव्या आवाजासकट लोकांपुढे आणल्या. आता घरोघरी गिरणीचं पीठ आहे आणि जाती अंगणात तुळशीपाशी पालथी पडली आहेत, पण आवाज राहिले.

त्या ओव्यांत बाई आधी कुणाला सांगते? जात्याला. त्याला ईश्वर म्हणते. समोर बसलेल्या जावेला सांगायचं तर उद्या ते गावभर होईल. सासूला सांगायची सोय नाही. नवऱ्याला सांगून उपयोग नाही. पहाटेचा अंधार, हातात खुंटा, दुसऱ्या हातानं मूठमूठ वैरण, आणि खालून दगडाची घरघर. जातं उत्तर देत नाही. त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा कुणी केलीही नव्हती. पण ते ऐकणारं आहे हे धरून चालल्याशिवाय त्या ओव्या उभ्या राहत नाहीत. भाऊ आला नाही, लेक लांब दिली, सीतेला वनवास झाला तसा मला. बाई दगडाला नातं सांगते आणि त्या नात्याच्या जोरावर बाकीचं सांगते. यात तेरेसाचा ‘शी’ही नाही आणि ओठ हलवणारा नुसता पाठही नाही. तिसरीच जागा आहे, आणि मला ती या दोन्हींहून घट्ट वाटते.

विद्वान म्हणतील, याच्याही वर मौन आहे. आहे ना. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त एक अख्खं प्रकरण ‘वाचाऋणपरिहार’ या नावाचं केलं. परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी या चार वाचांनी जीवाला जागं केलं, म्हणून त्यांचं त्याच्यावर ऋण. ते फिटतं कसं आणि खरोखर फिटतं का, याचा तो विचार. पुढे सहाव्या प्रकरणात शब्दाचंच खंडन केलं आहे. शब्दानं जन्मभर एवढं वैभव मिळवलेल्या माणसानं शब्दाला नमस्कार करून निरोप द्यावा, हे त्यांनाच शोभतं. पण ज्याचं म्हणणं कधी कुणी विचारलंच नाही, त्याला मौनाचा उपदेश करताना मला जीभ अडते. आमच्या आयाबाया अर्धं आयुष्य गप्पच होत्या. ते मौन परेच्या पलीकडचं नव्हतं.

आणि या खोऱ्याचं म्हणणंही एकदा सगळ्यांसमोर मांडून झालेलं आहे. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ वीज करायला टाटा कंपनीचं धरण होणार म्हणून गावं उठवायची ठरली, तेव्हा १९२१च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा. पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले ते इथे. पुढे राजेंद्र व्होरा यांनी या सगळ्यावर अभ्यास केला आणि धरणाविरुद्धचा जगातला पहिला लढा म्हणून त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. त्यात एक गोष्ट मला क्रियापदांच्या अंगानं नेहमी टोचते. बऱ्याच जमिनींचे कागद पुण्यातल्या सावकारांकडे होते आणि नांगर मावळ्यांच्या हातात. मावळ्यांना जमीन हवी होती. सावकारांचं मन मोबदल्याकडे झुकत गेलं. म्हणजे बोलणी करण्याची ऐपत एकाची आणि हक्क सांगण्याची पाळी दुसऱ्याची. सरकारनं सगळ्यांचं म्हणणं लिहून घेतलं. आजही कचेरीत तेच क्रियापद नाम होऊन बसलेलं आहे: ‘आपलं म्हणणं दाखल करा.’ दाखल झालेलं म्हणणं फायलीत राहतं. त्याच धरणाच्या पाण्यावरचं भिऱ्याचं वीजकेंद्र १९२७मध्ये चालू झालं.

सांगण्याबद्दलचं हे सगळं मी दिराशी बोलताना एकदा मांडलं होतं, की वहिनी म्हणून तुमच्या विज्ञानाशी माझं भांडण नाही, पण तुम्ही ‘सांगणे’चा अर्थ कोता करता. ते ऐकून घेणारे गृहस्थ. जरा वेळानं म्हणाले, “वहिनी, हक्क सांगणं मान्य. नातं सांगणंही मान्य. पण त्याला समोर कुणीतरी असावं लागतं. चुलत्यानं हक्क सांगितला तो माणसाला सांगितला. देव आहे हे तुम्ही गृहीतच धरलंत.”

बिनतोड मुद्दा. व्याकरणातून देव सिद्ध होत नाही. ‘ला’ लावला म्हणून घेणारा जन्माला येत नाही, हे मी मुलांनाही सांगितलं असतं. ‘सांगणे’ला ऐकणारा लागतो एवढंच भाषा सांगते, तो आहे की नाही ते सांगायचं काम तिचं नाही. आणि ‘ऐकणे’चेही मराठीत दोन अर्थ, कानावर पडणं आणि मानणं, सुनेनं त्या दिवशी नवऱ्याबद्दल म्हटलं त्यात दुसरा होता. देवाच्या बाबतीत आपल्याला नक्की कोणता हवा असतो, हेही कुणी स्वतःला नीट विचारत नाही.

आत्याबाई तिथेच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्या वडिलांच्या तोंडून त्यांनी सत्याग्रहाच्या गोष्टी ऐकलेल्या. सूप खाली न ठेवता त्या लेकाला म्हणाल्या, “तवा सरकार व्हतं की समोर. दिसत व्हतं, घोड्यावरनं येत व्हतं, कागुद वाचत व्हतं. ऐकलं का त्यानं?”

दीर म्हणाले, “नाही ऐकलं. म्हणून तर ते होतं याचा पुरावा लागत नाही.”

“मंग,” आत्याबाई म्हणाल्या, “ह्यो निदान कागुद तरी मागत न्हाई.”